बारा व्होल्टची खाडी

दापोलीहून गुहागरला जायला दोन रस्ते आहेत. पहिला खेड-चिपळूणवरून, शंभरेक किलोमीटरचा. तो शहाण्या माणसांचा. दुसरा दाभोळच्या धक्क्यापर्यंत येतो आणि पाण्यात संपतो. तिथे गाडीसकट फेरीबोटीवर चढायचं, वाशिष्ठीची खाडी ओलांडायची आणि पलीकडे धोपाव्याला उतरून पुन्हा डांबराला लागायचं. कोकणात या बोटीला जंगलजेटी म्हणतात. 2003 पासून ती चालू आहे आणि पुण्या-मुंबईच्या माणसाला समुद्रापेक्षा तिचंच अप्रूप जास्त. समुद्र काय, बघितलेला असतो. पण आपली मोटार पाण्यावरून चाललीय आणि आपण तिच्याशेजारी उभं राहून शेंगदाणे खातोय, हे सुख वेगळंच. शिवाय पेट्रोल वाचतं. आमच्या मेहुण्याने बोट निवडली ती या शेवटच्या मुद्द्यावर.

गाडी मेहुण्याची. पुढे तो आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे. मागे बायको, वहिनी आणि मी, आणि आमच्यामधल्या फटीत आठ वर्षांची भाची, जिला वेगळी जागा लागत नाही असं तिच्या आईवडिलांचं मत आहे.

अप्पांनी उभी हयात राज्य वीज मंडळात काढली. 2005 साली मंडळाची महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशी वाटणी झाली, ती त्यांनी स्वतःच्या घराण्यातल्या वाटणीपेक्षा जास्त मनाला लावून घेतली आहे. विजेच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द अखेरचा. अडचण एवढीच की त्यांचं सगळं ज्ञान 33 केव्हीच्या वरचं आहे. त्याखालचं ते ‘वायरमनचं काम’ म्हणून सोडून देतात. घरातली ट्यूब गेली की अप्पा आधी सबस्टेशनला फोन लावतात.

गाडीच्या बॅटरीला पाचवं वर्ष लागलं होतं. बॅटरी थंडीत मान टाकते हे खरं, पण तिचं आयुष्य खातो तो उन्हाळा. आपल्याकडच्या हवेत चौथ्या वर्षापासून तिचा भरवसा धरू नये. दापोलीत सकाळी सेल्फ जरा रेंगाळला तेव्हा मी म्हटलं, ‘बॅटरी एकदा दाखवून घेऊ या का?’

‘चालतेय ना अजून?’ मेहुणा म्हणाला.

हे त्याचं जीवनविषयक तत्त्व आहे. जी वस्तू चालते तिला हात कशाला लावायचा, आणि जी बंद पडली तिला हात लावून उपयोग काय. या तत्त्वावर त्याचा फ्रीज, त्याचा गुडघा आणि त्याची सोसायटीची सेक्रेटरीगिरी अनेक वर्षं टिकून आहे.

दाभोळला पोचलो तेव्हा धक्क्यावर गाड्यांची रांग होती. दाभोळ एकेकाळी पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. बहमनींच्या, मग आदिलशाहीच्या काळात इथे परदेशी जहाजं लागायची. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते लुटून जाळलं, तरी पुन्हा उभं राहिलं. किनाऱ्यालगतची घुमटाची दगडी मशीद बघून यावी असं मी सुचवलं. पण रांगेतली जागा जाईल म्हणून कोणी गाडीतून उतरलं नाही. पेट्रोल वाचावं म्हणून मेहुण्याने इंजिन बंद केलं आणि बाकीचं सगळं चालू ठेवलं. पंखा फुल्ल, कारण उकडत होतं. गाणी, कारण भाची कंटाळली होती. चार मोबाइल चार्जिंगला, कारण गुहागरला फोटो काढायचे होते. आणि चारही इंडिकेटर एकदम मिचकावत ठेवलेले, कारण रांगेत उभं राहताना ते लावतात अशी त्याची समजूत आहे.

साध्या मोटारीच्या बॅटरीत सहा खाने असतात. प्रत्येकाचे दोन व्होल्ट आणि वर किंचित; सगळे मिळून बारा पूर्णांक सहा. हा आकडा बारावर आला की बॅटरी जवळजवळ रिकामी. म्हणजे तृप्ती आणि उपासमार यांत फरक अर्ध्या-पाऊण व्होल्टचा, आणि त्या अर्ध्या-पाऊण व्होल्टात आम्ही पाच माणसं आणि एक मूल मजेत गाणी ऐकत बसलो होतो.

बोट आली. गाड्या लावणारे खलाशी ‘घ्या, घ्या, अजून घ्या, बस!’ करत दोन गाड्यांमध्ये एक उपरणं वाळत घालता येईल एवढीच जागा सोडत होते. आमची गाडी अशा ठिकाणी आली की उतरताना ती सगळ्यांत पुढे. मेहुण्याला याचा फार आनंद झाला. आमच्या मागे महिला मंडळाची मिनीबस, चिरे भरलेला ट्रक, पाच-सहा मोटारी, मासळीचा टेम्पो आणि फटीफटीत मोटारसायकली.

खाडीच्या मध्यावर आल्यावर अप्पांनी हात वर केला. समुद्राच्या अंगाला, पलीकडच्या काठावर चिमण्या दिसत होत्या.

‘तो बघा,’ अप्पा म्हणाले. घरातल्या ज्या नातेवाइकाशी बोलणं बंद आहे, त्याचा उल्लेख असाच नाव न घेता होतो.

एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प म्हणून जगभर गाजलेली ही वस्तू मुळात दाभोळला नाहीच. ती खाडीच्या दुसऱ्या तीरावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरकडे आहे. दाभोळच्या वाट्याला फक्त बदनामी आली. अप्पांनी कठड्याला टेकून सुरुवात केली. 1993 साली मंडळाशी करार. 1995 मध्ये राज्यात सरकार बदललं, करार रद्द. पुढल्याच वर्षी नव्या अटी घालून करार पुन्हा. 1999 मध्ये वीज सुरू. ती वीज घेता घेता मंडळाच्या नाकी नऊ आले. 2001 मध्ये प्रकल्प बंद, आणि त्याच डिसेंबरात तिकडे अमेरिकेत खुद्द एन्रॉनचं दिवाळं. हे सांगताना अप्पांचा आवाज असा चढत गेला की मिनीबसमधल्या चार-पाच बायका कीर्तन समजून जवळ येऊन उभ्या राहिल्या. मग 2005 साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी सरकारी कंपनी, मग पुन्हा वीज. इतक्यात बोट धोपाव्याच्या धक्क्याला लागली, पुढची लोखंडी फळी साखळ्यांच्या खडखडाटात खाली उतरली, आणि आम्ही गाडीत बसत असताना अप्पांनी समारोप केला :

‘क्षमता किती माहितेय? 1967 मेगावॅट!’

मेहुण्याने किल्ली फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक, टक, टक, टक. मग डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम मंद झाले, घड्याळाने बारा वाजवले आणि गाडी शांत झाली. मेहुण्याने हॉर्न दाबला. हॉर्न खोकला.

या टकटकीमागे साधं कारण असतं. सेल्फची मोटर इंजिन फिरवायला शंभर-दीडशे अँपिअर मागते, कधी त्याहून जास्त. बॅटरीत दम नसला की रिले नुसता ओढला जातो, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज सावरतं, रिले पुन्हा ओढला जातो. 1912 च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने हा विजेचा सेल्फ बसवला. त्याआधी मोटार सुरू करायची तर पुढे उभं राहून हॅण्डल मारायचं, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडून घ्यायचं. आपल्याकडे फियाट, अँबॅसेडर आणि जीप यांनी पुढे कितीतरी वर्षं हॅण्डलचं भोक राखून ठेवलं होतं. प्रगती झाली, भोक बुजलं आणि मनगटं वाचली. पण त्या बदल्यात आता माणसाला मोडण्याजोगं काहीच हातात उरलेलं नाही.

मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. मोटारसायकली दोन्ही बाजूंनी सुटल्या. जाता जाता प्रत्येक जण खिडकीत वाकून एक शब्द टाकून गेला. ‘बॅटरी.’ ‘सेल्फ.’ ‘फ्यूज.’ एकाने नुसतं ‘ओह्हो’ म्हटलं.

‘आधी लोड कमी करा,’ अप्पांनी हुकूम सोडला. मंडळातली सवय. आम्ही सगळे उतरलो. लोडशेडिंगमध्ये सर्वप्रथम मी गेलो, जावई असूनही.

ओहोटीची वेळ होती. भरतीला बोट धक्क्याच्या वरच्या टोकाशी लागते. ओहोटीला खाली, आणि मग समोर ओला, शेवाळलेला, चांगला चढा उतार उभा राहतो. चढा उतार म्हणजे काय हे तो ढकलल्याशिवाय कळत नाही. मिनीबसचा ड्रायव्हर खाली येऊन म्हणाला, ‘मागं उतार आहे, मागच्या गिअरमध्ये टाका आणि सोडून द्या, धक्का स्टार्ट होईल.’ गोष्ट तांत्रिकदृष्ट्या बरोबर होती. मागच्या गिअरमध्येही गाडी धक्क्यावर सुरू होते. फक्त मागे आधी त्याची मिनीबस होती आणि तिच्या मागे वाशिष्ठी.

शेवटी खलाशी, मिनीबसवाला, चिऱ्याच्या ट्रकचे हमाल आणि मी असे मागे लागलो. महिला मंडळाने कडेला उभं राहून ‘जोर लगाके’ची बाजू सांभाळली, आणि आम्ही ‘हैशा’ची. इंजिन बंद असलं की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते. हे माहीत असल्यामुळे खलाशाने एका पोराला मोठा धोंडा घेऊन मागच्या चाकाबरोबर चालायला सांगितलं. गाडी पाच पावलं चढली की धोंडा, पाच पावलं की धोंडा. आत मेहुणा एकटा बसून स्टिअरिंगशी झगडत होता आणि आरशात बघून आम्हाला ‘थोडं डावीकडून’ सांगत होता. अप्पा शेजारून चालत होते. त्यांच्या एका हातात भाची होती, दुसरा हात बॉनेटवर आशीर्वादासारखा.

गाडी वर सपाटीला आली. मागची बहुतेक वाहनं बोटीतून उतरून एकेक करून पुढे गेली. गुहागरकडून दाभोळला जाणाऱ्या गाड्या मात्र आता बोटीच्या रांगेत उभ्या होत्या आणि त्यांना करमणूक हवी होती. पाच मिनिटांत आमच्याभोवती बारा-पंधरा तज्ज्ञ जमले.

मराठी माणूस बंद गाडी बघितली की ती ढकलायला लागतो. ज्याने आयुष्यात एकदा तरी लाल एसटी ढकलली आहे, त्याच्या हातापायांत ते कायमचं राहतं. रात्रीच्या मुक्कामाच्या गावी गाडी उतारावर तोंड करून लावणारे ड्रायव्हर आपण बघितलेत. सकाळी पहिल्या फेरीला ती घरंगळत, शिंकत, धूर सोडत सुरू व्हायची आणि मग तीच इमाने इतबारे तालुक्याला न्यायची. तेव्हा सर्वानुमते ठरलं : दुसऱ्या गिअरवर धक्का.

‘किल्ली ऑन. क्लच दाबून दुसरा गिअर. आम्ही ‘सोड’ म्हटलं की क्लच सोडायचा,’ एका तज्ज्ञाने मेहुण्याला तीनदा समजावलं. आम्ही ढकलू लागलो. गाडीने वेग घेतला. अजून कोणी काही बोलायच्या आत रांगेतला एक जण दुसऱ्याला ओरडला, ‘गाडी पुढं सोड!’ मेहुण्याने ते ऐकलं आणि क्लच सोडला. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने चाकं जागच्या जागी धरली. गाडी थांबली, आम्ही थांबलो नाही. डिकीवर सात माणसांच्या हनुवट्यांचे ठसे अजून आहेत.

पुन्हा केलं, बरोबर केलं, तरी काही नाही. याचंही कारण आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला बॅटरी अगदी थोडी असली तरी चाले. आताच्या गाडीत पेट्रोलचा पंप विजेचा, इंजेक्टर विजेचे, आणि त्या सगळ्यांवर देखरेख करणारा कॉम्प्युटरही विजेचा. बॅटरी पुरती बसली की गाडी कितीही धावडवा, तो कॉम्प्युटर जागाच होत नाही. ज्यांच्या गाडीला आपोआप गिअर आहेत त्यांनी तर ढकलायचा विचारच करू नये. हे रांगेतल्या एका गृहस्थांनी आम्हाला समजावून सांगितलं आणि आपली गाडी तशी आहे हेही सांगितलं.

विम्याबरोबर रस्त्यातल्या मदतीची सोय फुकट मिळाली आहे, हे वहिनींना तेवढ्यात आठवलं. मेहुण्याने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

‘सर, आपण आणि आपली गाडी सुरक्षित ठिकाणी आहात का?’ पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

‘जेटीवर आहोत.’

‘कुठल्या चौकाजवळ, सर?’

‘चौक नाही. खाडी आहे.’

‘सर, मी आपलं लोकेशन बघतेय. ते पाण्यात दाखवतंय.’

‘मगाशी तिथेच होतो.’

थोडा वेळ नुसतं संगीत वाजलं. मग ती म्हणाली, ‘सर, गाडी पाण्यात गेली असेल तर ते या योजनेत बसत नाही.’ बराच खुलासा झाल्यावर तिने दापोलीहून माणूस पाठवते म्हणून सांगितलं. दोन तास लागतील. आणि शेवटी, आमच्या सेवेला एक ते पाचपैकी किती गुण द्याल?

आता मेहुण्याने एक गौप्यस्फोट केला. त्याच्याकडे जंपर केबल होती. लग्नाच्या वाढदिवसाला ऑफिसातल्या मित्रांनी दिलेली, पाकीटही न फोडलेली.

‘मग काढ की!’ सगळे एकदम ओरडले.

‘डिकीत आहे.’

डिकीचं कुलूप विजेवर उघडतं. बटण दाबलं, काही झालं नाही. म्हणजे बॅटरी जिवंत करायची वस्तू अशा पेटीत होती जी उघडायला जिवंत बॅटरी लागते. ज्या इंजिनिअराने ही योजना आखली तो पुढे नक्कीच कुठल्या तरी सरकारी अर्जाचं काम बघत असणार. मागची सीट पुढे पाडली तर एक फट होत होती, मोठ्या माणसाचं डोकं जाईल एवढी. सगळ्यांनी भाचीकडे बघितलं. भाचीने आधी आइस्क्रीमचा सौदा पक्का केला आणि ती आत शिरली.

मग त्या फटीतून एकेक वस्तू बाहेर येऊ लागली आणि धोपाव्याच्या जेटीवर आमचं खाजगी जीवन मांडलं गेलं. प्रेशर कुकर. ‘कुकर कशाला आणलास?’ ही माझी बायको. ‘अप्पांना बाहेरचा भात पचत नाही,’ वहिनी. चिवड्याचा डबा. दुसरा चिवड्याचा डबा. गरम पाण्याची पिशवी. उशी. अप्पांचे सकाळी फिरायचे बूट. कालचे ओले टॉवेल. आदल्या संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघायला गेलो होतो, तेव्हा मेहुण्याने आमच्यापासून लपवून घेतलेला सुक्या जवळ्याचा पुडा. यावर रांगेतून टाळ्या पडल्या. आणि सर्वांत शेवटी केबल.

केबल सुंदर होती. लाल आणि काळी, गुंडाळलेली, चकचकीत चिमट्यांची. मात्र तार उदबत्तीएवढी. शंभर अँपिअर जायचे तर तांबं चांगलं जाड हवं. नाहीतर तार तापते, प्लॅस्टिक वितळतं आणि बॅटरीपर्यंत पोचते ती फक्त सहानुभूती.

चिऱ्याचा ट्रकवाला पुढे जाऊन वळणावर चहा प्यायला थांबला होता. तो परत आला. ‘माझ्या गाडीवरून घ्या की! माझ्या दोन बॅटऱ्या आहेत. डबल पॉवर!’ मेहुणा हरखला. त्याने बॉनेट उघडलंही.

‘थांबा वायच!’

हा आवाज टेम्पोच्या बाजूने आला. जेटीच्या कडेला उभ्या मासळीच्या टेम्पोत पुढे एक मावशी बसली होती, आणि आवाज तिचा होता. तिचा पोरगा, विशीचा असेल, ड्रायव्हरच्या जागेवरून उतरून चालत येत होता.

‘काका, तुमची चोवीस व्होल्ट आहे,’ तो ट्रकवाल्याला म्हणाला. ‘ह्यांची बारा. लावली तर ह्यांचा कॉम्प्युटर उडेल.’

खरं होतं. मोठ्या ट्रकला, एसटीला दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. ते बाराच्या गाडीला लावायचे म्हणजे सुरू होईल की नाही माहीत नाही, पण धूर नक्की. अप्पांनी पोराकडे प्रथमच नीट बघितलं. व्होल्टेजची जाण असलेला माणूस त्यांना बऱ्याच दिवसांनी भेटला होता.

‘कोणत्या आयटीआयचा तू?’

‘बारावी नापास,’ पोरगा म्हणाला आणि टेम्पोखालून स्वतःची केबल काढून घेऊन आला.

तिच्या दोन्ही तारा काळ्या होत्या. एकीला लाल चिंधी बांधलेली. जाडी अंगठ्याएवढी. टेम्पो आणून त्याने आमच्या गाडीच्या नाकाला नाक लावलं, पण एकमेकांना शिवू न देता. मेहुण्याने मोबाइलवर इंग्रजी कृती काढून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तो ‘पहिली पायरी, दोन्ही वाहने बंद असल्याची खात्री करा’पर्यंत आला तोवर पोराने चिंधीवाला चिमटा आमच्या प्लसला लावला, त्याचं दुसरं टोक टेम्पोच्या प्लसला, मग दुसरी तार टेम्पोच्या मायनसला. शेवटचा चिमटा मात्र त्याने आमच्या बॅटरीला लावला नाही. इंजिनावरचा एक उघडा बोल्ट शोधून त्याला लावला.

‘अरे, मायनस इथे आहे!’ दोन तज्ज्ञ एकदम म्हणाले.

पोरगा काही बोलला नाही. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते, आणि बॅटरीतून थोडा हायड्रोजन सुटत असतो. ठिणगी बॅटरीपासून लांब उडावी म्हणून ती जागा. इंजिन आणि बॅटरीचा मायनस आतून जोडलेलेच असतात, त्यामुळे वीज जायची तिथे जातेच. ठिणगी उडाली, बोल्टावर. दोघा तज्ज्ञांनी ‘आम्ही तेच म्हणत होतो’ असा चेहरा केला.

टेम्पो सुरू झाला. पोराने थोडी रेस धरून ठेवली. ‘आता लगेच मारू नका. जरा पिऊ द्या तिला.’

तो काळ फार अवघड गेला. आमच्या मागे चिमण्या उभ्या होत्या. अप्पांनी हिशोब केला : सेल्फला लागतात दीड-दोन किलोवॅट, म्हणजे न्हाणीघरातल्या गिझरएवढे, तेही दोन-तीन सेकंद. तो प्रकल्प पुरा चालला तर अशा दहा लाख गाड्या एकदम सुरू होतील. ‘दहा लाख!’ अप्पा म्हणाले. ‘आणि आपण मासळीच्या टेम्पोकडून घेतोय. उसनी. विनाकरार.’

‘मारा,’ पोरगा म्हणाला.

मेहुण्याने किल्ली फिरवली. इंजिनाने एकदा आळोखेपिळोखे दिले आणि ते सुरू झालं. जेटीवर ‘गणपती बाप्पा’ झालं, रांगेतल्या गाड्यांनी हॉर्न दिले, आणि डिकी, कोणी हात न लावता, मगाशी दाबलेलं बटण आत्ता आठवल्याप्रमाणे टक्कन उघडली.

पोराने चिमटे उलट्या क्रमाने सोडवले. मेहुण्याने पाकीट काढलं तेव्हा मावशीच मध्ये पडली.

‘पैसे कसले घ्यायचे? म्हावरं घ्या. बांगडे आहेत ताजे.’

‘अहो, आज मंगळवार,’ बायको म्हणाली. ‘हेदवीला दशभुजा गणपतीला जायचंय.’

‘बांगड्याला वार नसतो,’ मावशी म्हणाली आणि बर्फ घालून पिशवी बांधून दिली. दर तिने सांगितला तो हर्णैच्या लिलावातल्यापेक्षा बराच चढा होता. हे कळण्याइतका लिलाव आम्ही पाहिला होता, पण कोणी चकार शब्द काढला नाही.

निघताना पोराने बजावलं, ‘अर्धा तास तरी गाडी बंद करू नका. आणि उभी ठेवून नाही, चालवून. उभ्या गाडीत डायनामो पुरेसा देत नाही.’

यातलं पहिलं वाक्य मेहुण्याने ऐकलं. गुहागरला पोचलो, अर्धा तास होऊन गेला, तरी त्याने इंजिन बंद करायचं नाव काढलं नाही. व्याडेश्वराचं दर्शन पाळ्यांनी झालं. अप्पांचं ते कुलदैवत. ते सोवळं नेसून, अभिषेकाची पावती हातात घेऊन निघाले आणि मेहुणा बाहेर ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसला. मग तो आत, मी बाहेर. खानावळीत एक पंगत जेवत असताना दुसरी गाडीत. मालकाने दोनदा येऊन विचारलं की काही इमर्जन्सी आहे का. वाचवलेलं पेट्रोल केव्हाच जळून गेलं होतं. डिकीतला बर्फ वितळून बांगड्यांनी अप्पांच्या बुटांशी संधान बांधलं होतं. हेदवीचा बेत बायकोने वासावरून रद्द केला.

शेवटी बाजारातल्या एका बॅटरीवाल्याकडे गेलो.

‘बंद करा,’ तो म्हणाला.

‘चालू असतानाच बघता येणार नाही का?’ मेहुणा.

‘बंद केल्याशिवाय हात घालणार नाही.’

घरात शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करायच्या वेळी होते तशी कुजबुज झाली. अप्पांनी रस्त्यावर जाऊन उतार कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवलं. मग मेहुण्याने डोळे मिटून किल्ली फिरवली.

बॅटरीवाल्याने बॉनेट उघडलं, बॅटरीच्या एका टोकाला बोटाने धरून हलवलं आणि पट्टी सरळ वर उचलून हातात घेतली. ती घट्ट नव्हतीच. खाली पांढऱ्या-हिरव्या भुकटीचा थर जमला होता. खाऱ्या हवेत तो लवकर जमतो. त्याने शेजारच्या टपरीवरून किटलीभर उकळतं पाणी आणलं, ओतलं, भुकटी फसफसून गेली. ब्रशने घासलं, पट्टी बसवली, दहाच्या पान्याने आवळली आणि मीटर लावला.

‘कॉन्टॅक्ट नव्हता. डायनामो देत होता ते पोचत नव्हतं. बॅटरी वाईट नाही तुमची. वर्षभर जाईल.’

मेहुण्याने आमच्याकडे बघितलं. प्रत्येकाकडे वेगवेगळं, सावकाश बघितलं. ‘मी काय म्हणत होतो?’ तो म्हणाला. यापुढे त्या कुटुंबात कोणतीही जुनी वस्तू बदलली जाणार नाही, हे त्या क्षणी नक्की झालं. वहिनी नुसत्या फ्रीजची आठवण होऊन खाली बसल्या.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने तो पुन्हा स्पीकरवर टाकला.

‘सर, रस्त्यातल्या मदतीतून बोलतोय. मी दापोलीहून आलोय. जेटीवर पोचलो, पण तुमची गाडी कुठे दिसत नाही.’

‘कुठल्या जेटीवर?’

‘दाभोळच्या. तुम्ही खाडीच्या कुठल्या बाजूला आहात?’

मेहुणा काही बोलणार, तोच अप्पांनी पुढे होऊन फोन हातात घेतला.

‘तू तिथेच थांब,’ अप्पा म्हणाले. ‘आम्ही उद्या परत येतोय. तेव्हा लागशील.’